स्वमग्न मुलांचे पालकत्व आणि शाळा

स्वमग्नता किंवा ऑटिझम असलेल्या ज्या मुलांना सर्वसाधारण शाळेत नियमितपणे जाणे जमत नाही, त्यांचे संगोपन व शिक्षण हा बालविकास, विशेष शिक्षण आणि समाजकल्याण या तिन्ही क्षेत्रांच्या सीमेवरील विषय आहे. अशी मुले शाळेत दाखल होतच नाहीत असे नाही. बहुतेकांचे नाव पटावर असते. मात्र काही महिन्यांनी किंवा काही वर्षांनी त्यांचे शाळेत जाणे खंडित होते आणि शिक्षणाची सारी जबाबदारी घरावर येऊन पडते. या लेखात पुणे शहराच्या नैर्ऋत्य भागातील कर्वेनगर आणि त्याला लागून असलेल्या कोथरूड, वारजे व एरंडवणे या भागांतील परिस्थिती प्रामुख्याने विचारात घेतली आहे.

संज्ञा आणि स्वरूप

‘ऑटिझम’ हा शब्द ‘स्वतः’ या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून स्विस मनोविकारतज्ज्ञ ऑयगेन ब्लॉयलर यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी घडविला. तो त्या वेळी स्किझोफ्रेनियाच्या एका लक्षणासाठी होता. आजच्या अर्थाने त्याचा उपयोग लिओ कॅनर यांनी १९४३ मध्ये ११ मुलांच्या निरीक्षणांवर आधारित आपल्या निबंधात केला. पुढच्याच वर्षी व्हिएन्नातील हान्स आस्परगर यांनी तत्सम मुलांचे वर्णन प्रसिद्ध केले. २०१३ मध्ये अमेरिकन मनोविकार संघटनेच्या निदानपुस्तिकेच्या पाचव्या आवृत्तीने यातील निरनिराळे प्रकार एकत्र करून ‘स्वमग्नतेचा वर्णपट’ ही कल्पना रूढ केली.

मराठीत स्वमग्नता, आत्ममग्नता आणि ऑटिझम हे तिन्ही शब्द चालतात. ‘स्वमग्न’ हा शब्द सुटसुटीत असला तरी त्यामुळे थोडी दिशाभूलही होते. स्वतःत रमलेला, जगाशी देणेघेणे नसलेला असे चित्र त्यातून उभे राहते. प्रत्यक्षात यांपैकी अनेक मुलांना माणसांची ओढ असते; अडचण असते ती माणसांशी संवाद साधण्याच्या प्रचलित रीतींची. स्वमग्नता हा आजार नव्हे, ती मेंदूच्या वाढीतील जन्मजात भिन्नता आहे आणि ती आयुष्यभर राहते. तिच्या जोडीला बौद्धिक अक्षमता असू शकते किंवा नसू शकते. काही मुले बोलत नाहीत, काही अखंड बोलतात. जागतिक आरोग्य संघटनेने दीर्घकाळ दिलेल्या अंदाजानुसार दर १०० मुलांमागे सुमारे १ मूल स्वमग्न असते.

शाळेत जाणे कठीण का होते

शाळा टाळणारे मूल अभ्यासाचा कंटाळा करते, अशी सर्वसाधारण समजूत आहे. स्वमग्न मुलांच्या बाबतीत ती बहुधा चुकीची ठरते. अनेकांना अभ्यास आवडतो. त्यांना सोसत नाही ती शाळेची इमारत, तिच्यातील आवाज आणि तिचे अनपेक्षित बदल.

इंद्रियांकडून येणारी संवेदना या मुलांना इतरांपेक्षा फार तीव्र किंवा फार मंद जाणवते. साठ मुलांच्या वर्गातील बाकांची घसरण, पंख्याची घरघर, शेजारच्या वर्गातून ऐकू येणारे पाढे आणि अचानक वाजणारी घंटा यांतून शिक्षकांचा आवाज वेगळा काढणे हेच त्यांचे दिवसभराचे काम होऊन बसते. परिपाठाच्या वेळी ध्वनिवर्धकावरून म्हटली जाणारी प्रतिज्ञा काही मुले कानांवर हात ठेवून उभे राहून ऐकतात आणि त्याबद्दल त्यांना बोलणीही बसतात. गणवेशाच्या मानेपाशी टोचणारी पट्टी, पावसाळ्यात अंगाला चिकटणारा रेनकोट, शारीरिक शिक्षणाच्या दिवशी बदलावे लागणारे बूट या गोष्टी इतरांना क्षुल्लक वाटतात. ज्या मुलाला त्या सोसत नाहीत त्याच्यासाठी त्या सकाळीच दिवस संपविण्यास पुरेशा असतात.

डब्याचा प्रश्न त्याहून अवघड. पुण्यातील अनेक शाळांत डब्यात कोणत्या वारी काय आणावे हे ठरवून दिलेले असते. हेतू चांगला असतो, मुलांनी सर्व भाज्या खाव्यात. परंतु स्वमग्न मुलांत मोजकेच पदार्थ, तेही ठरावीक रूपात, खाण्याची प्रवृत्ती वारंवार आढळते. कोरडी पोळी चालते, भाजी लागलेली पोळी चालत नाही. एका विशिष्ट कंपनीचे बिस्किट चालते, त्याच्यासारखे दिसणारे दुसरे चालत नाही. असे मूल उपाशी राहते किंवा सर्वांसमक्ष डबा संपविण्याची सक्ती झाल्यामुळे दुसऱ्या दिवशी शाळेचे नाव काढू देत नाही. स्वच्छतागृहाबद्दलही हेच घडते. वास, ओल आणि दाराबाहेरची गर्दी यांमुळे मूल सकाळपासून घरी येईपर्यंत लघवी रोखून धरते आणि त्याच्या चिडचिडीचे कारण महिनोन्‌महिने कोणाच्या लक्षात येत नाही.

कॅनर यांनी आपल्या पहिल्याच निबंधात ‘सारखेपणा टिकविण्याचा आग्रह’ हे लक्षण नोंदविले होते. शाळा वरवर पाहता वेळापत्रकावर चालणारी संस्था असली, तरी तिचे वेळापत्रक सतत मोडत असते. बाई रजेवर जातात, तासांची अदलाबदल होते, रिक्षाकाका बदलतात. डिसेंबर-जानेवारीत स्नेहसंमेलनाची तयारी सुरू झाली की काही आठवडे वर्ग वर्गासारखा राहत नाही. घरच्या मंडळींच्या अनुभवात शाळा सुटण्याची सुरुवात पुष्कळदा अशाच काळात झालेली असते.

भाषेची अडचण

बोलणाऱ्या स्वमग्न मुलांनाही वर्गातील भाषा शब्दशः लागते. ‘कान उपटीन’, ‘डोळे फुटले का?’, ‘डोक्यावर बसू नकोस’, ‘तोंड सांभाळून बोल’ ही मराठी घरांतील आणि वर्गांतील रोजची वाक्ये होत. त्यांतील पहिले वाक्य ऐकून खरोखर कानांवर हात ठेवणारे मूल वात्रटपणा करीत नसते. ‘जरा थांब’ यातील ‘जरा’ म्हणजे किती, हेही त्याला कळत नाही. ‘घड्याळाचा मोठा काटा सहावर येईपर्यंत थांब’ हे कळते.

ऐकलेले वाक्य जसेच्या तसे पुन्हा म्हणणे, म्हणजे प्रतिध्वनी-भाषण, आणि सर्वनामांची उलटापालट ही लक्षणे कॅनर यांच्याही निरीक्षणात होती. तहान लागलेले मूल ‘तुला पाणी हवंय?’ असे म्हणते, कारण पाणी मिळण्याच्या वेळी त्याने ते वाक्य ऐकलेले असते. मराठीत क्रियापदाला लिंग असल्याने याला आणखी एक पदर आहे: मुलगा आईचे ‘मी येते’ हे वाक्य तसेच उचलू शकतो. वर्गात त्यावर हशा पिकतो. व्याकरणाची चूक म्हणून ते सुधारत बसण्यापेक्षा मूल काहीतरी सांगू पाहत आहे याची दखल घेणे अधिक महत्त्वाचे, असे वाचा-उपचारतज्ज्ञ सांगतात.

घरची भाषा मराठी आणि शाळेचे माध्यम इंग्रजी अशी स्थिती कर्वेनगरसारख्या भागात सर्वसामान्य आहे. ‘मुलाचा गोंधळ होतो, घरीही इंग्रजीच बोला’ असा सल्ला पालकांना अनेकदा मिळतो. गेल्या दोन दशकांतील अभ्यासांत मात्र दोन भाषांच्या सहवासाने स्वमग्न मुलांच्या भाषाविकासाला अपाय होतो, असे आढळलेले नाही. या सल्ल्याची किंमत घराला मोजावी लागते. आजी-आजोबा गप्प होतात, आई परक्या भाषेत मोजके बोलू लागते, अंगाईगीत बंद होते, आणि ज्या मुलाला भाषेची सर्वाधिक गरज आहे त्याच्या कानांवर पडणारी भाषाच आटते. मुलाचे माध्यम निवडताना वर्गातील पटसंख्या आणि शिक्षकांची तयारी हे निकष माध्यमाच्या प्रतिष्ठेपेक्षा उपयोगी ठरतात.

‘आमच्याकडे तर तो शांत असतो’

पालक आणि शिक्षक यांच्यातील सर्वांत कडवट मतभेद याच वाक्यापाशी होतो. मूल शाळेत सहा तास निमूटपणे बसते. घराचा उंबरा ओलांडताच दप्तर फेकते, किंचाळते, स्वतःला चावते किंवा पलंगाखाली जाऊन बसते. शिक्षकांना घरचे हे रूप दिसत नाही आणि पालकांचे कथन अतिरंजित वाटते. निष्कर्ष ठरलेला असतो: घरी शिस्त नाही.

यामागील कारण आता बऱ्याच अंशी समजले आहे. अनेक स्वमग्न मुले, विशेषतः बोलणाऱ्या आणि अभ्यासात बऱ्या असणाऱ्या मुली, इतरांचे पाहून स्वतःची लक्षणे झाकतात. नजरेला नजर देतात, हात हलविण्याची ऊर्मी दाबतात, न कळलेल्या विनोदावर हसतात. हा मुखवटा दिवसभर सांभाळण्यात त्यांची शक्ती संपते आणि जिथे सुरक्षित वाटते तिथे तो गळून पडतो. अशा वेळचा उद्रेक हट्टापेक्षा वेगळा असतो. हट्ट काहीतरी मिळविण्यासाठी असतो आणि ती वस्तू मिळाल्यावर थांबतो. हा उद्रेक काही दिल्याने थांबत नाही. त्या वेळी समजावणे, ओरडणे आणि प्रश्न विचारणे टाळावे लागते, कारण प्रत्येक शब्द हा आणखी एक आवाजच असतो. उजेड कमी करणे, माणसे कमी करणे आणि वाट पाहणे एवढेच हाती असते.

असे दिवस साचत गेले की मूल एका सकाळी उठतच नाही. पोटदुखी, उलटी, ताप नसताना अंग तापल्याची तक्रार येते. या टप्प्यावर उचलून रिक्षात बसविण्याचा मार्ग काही दिवस चालतो. पुढे तो बंद पडतो, कारण मूल वाढते आणि आईच्याने उचलवत नाही.

पालकांवरील दोषारोप

स्वमग्नतेचा इतिहास हा काही अंशी पालकांवर, त्यातही आईवर, केलेल्या दोषारोपांचा इतिहास आहे. कॅनर यांच्या आरंभीच्या लेखनात मुलांच्या आईवडिलांच्या भावनिक थंडपणाचा उल्लेख होता. त्यातून ‘शीतकपाटासारखी आई’ ही कल्पना पसरली आणि ब्रुनो बेटेलहाइम यांनी १९६७ मधील आपल्या पुस्तकाने तिला लोकप्रियता मिळवून दिली. तिला छेद देणारे पुस्तक १९६४ मध्येच प्रसिद्ध झाले होते. त्याचे लेखक बर्नार्ड रिमलँड हे मानसशास्त्रज्ञ तर होतेच, शिवाय एका स्वमग्न मुलाचे वडीलही होते. १९६९ मध्ये कॅनर यांनी पालकांच्या सभेत त्यांना या आरोपातून जाहीरपणे मुक्त केले.

मराठी घरांत हा आरोप वेगळ्या शब्दांत होतो. नोकरी करणारी आई, मोबाइल हातात देणारी आई, एकच मूल असणे, एकत्र कुटुंब नसणे, गरोदरपणात काही पाळले नाही म्हणून असे झाले ही कारणे नातेवाईकच पुरवतात. ‘याचे वडीलही उशिराच बोलू लागले होते’ हे आश्वासक वाक्य तर निदान वर्षा-दोन वर्षांनी लांबविण्यास हमखास कारणीभूत होते. मूल शाळेत जाईनासे झाले की या बोलण्याला धार चढते. नोकरी सोडण्याची वेळ आली तर ती बहुतेक घरांत आईच सोडते. वडिलांचा वाटा अनेकदा उपचारांचा खर्च उचलणे एवढ्यापुरता उरतो, जरी याला अपवाद आहेत आणि ते वाढत आहेत.

भावंडांचा विचार मागाहून होतो. ज्या घरात एका मुलासाठी दूरचित्रवाणीचा आवाज, पाहुणे, सहली आणि वाढदिवस आवरते घेतले जातात, तिथे दुसऱ्या मुलाला स्वतंत्र वेळ ठरवून द्यावा लागतो. तो आपोआप निघत नाही.

कर्वेनगर व परिसर

मुठा नदीच्या डाव्या काठावरील हिंगणे बुद्रुक या गावाच्या जागी आजचे कर्वेनगर उभे आहे. महर्षी धोंडो केशव कर्वे यांनी १८९६ मध्ये स्थापन केलेला अनाथ बालिकाश्रम १९०० मध्ये येथे आणला. प्लेगच्या दिवसांत गावाबाहेरच्या एका झोपडीत त्याचा संसार थाटला गेला. ज्या मुलींना तत्कालीन शाळांत जागा नव्हती त्यांच्यासाठी येथे शाळा निघाली. त्यातून वाढलेल्या महर्षी कर्वे स्त्री शिक्षण संस्थेचा परिसर आजही या भागाचे केंद्र आहे.

शाळांची या भागात वाण नाही. स्वमग्न मुलाच्या दृष्टीने पाहिल्यास मात्र परिसर सोपा नाही. नदीकाठच्या डीपी रस्त्यावर, म्हात्रे पूल ते राजाराम पूल या पट्ट्यात, लग्नकार्यांची लॉन्स आहेत. गणेशोत्सवाच्या आधी कित्येक आठवडे ढोल-ताशा पथकांचा सरावही याच पट्ट्यात होतो. पाण्यावरून येणारा तो आवाज संध्याकाळी घराघरांत पोहोचतो. शाळेतून कसेबसे परतलेल्या मुलाला सावरण्यासाठी हीच वेळ असते. काही कुटुंबे श्रावण-भाद्रपदात मुलाला गावी नेतात, काही कानांवर लावायचे आवाजरोधक घेतात. उत्सव सर्वांचा असतो, त्यामुळे तक्रार करणे अवघड जाते.

उपचार आणि निदानाच्या सोयी मात्र येथून फार दूर नाहीत. केईएम रुग्णालयाचे बालविकास केंद्र शहरात अनेक वर्षांपासून कार्यरत आहे. प्रसन्न ऑटिझम सेंटर ही संस्था खास स्वमग्न मुलांसाठी काम करते, तर कामायनी ही बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांसाठीची जुनी शाळा गोखलेनगरात आहे. दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र ससून सर्वोपचार रुग्णालय किंवा औंध येथील जिल्हा रुग्णालयातून मिळविता येते. राज्याचे शिक्षण आयुक्तालय, दिव्यांग कल्याण आयुक्तालय आणि माध्यमिक शालान्त मंडळाचे मुख्यालय ही तिन्ही कार्यालये पुण्यातच आहेत. असे असूनही पालकांना कोणता अर्ज कोठे करावा हे बहुधा दुसऱ्या पालकाकडूनच कळते.

राज्यातील विशेष शाळांची रचना प्रामुख्याने अंध, मूकबधिर, मतिमंद आणि अस्थिव्यंग या प्रवर्गांभोवती उभी राहिली. स्वमग्न मूल यांत नीट बसत नाही. बुद्धी चांगली पण संवाद नाही, अशा मुलाला मतिमंदांच्या शाळेत पुरेसे शिकविले जात नाही आणि सर्वसाधारण शाळेत पुरेसे समजून घेतले जात नाही. त्यामुळे ‘दोन्हीकडचे दार अर्धे उघडे’ अशी पालकांची स्थिती होते.

कायदेशीर तरतुदी

१९९५ च्या अपंग व्यक्ती कायद्यात स्वमग्नतेचा समावेश नव्हता. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याने प्रथम तिला स्थान दिले आणि दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मधील २१ प्रकारांच्या यादीत ती आली. या अधिनियमानुसार किमान ४० टक्के दिव्यांगत्व असलेल्या ६ ते १८ वयोगटातील मुलाला जवळच्या शाळेत किंवा त्याच्या पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. शाळांनी वाजवी सोयी पुरविणे हेही त्यात अपेक्षित आहे. डबा, घंटा किंवा गणवेश यांबाबतची सवलत अशा सोयींत मोडू शकते. ती मागताना उपकार मागत असल्याची भावना बाळगण्याचे कारण नाही.

प्रमाणपत्रासाठी ‘स्वमग्नता मूल्यमापनाची भारतीय श्रेणी’ वापरतात. तिच्यात ६ विभागांत मिळून ४० बाबी असून प्रत्येक बाबीला १ ते ५ गुण असतात. एकूण गुण ७० पेक्षा कमी आल्यास स्वमग्नता नाही असे मानतात. तपासणीच्या दिवशी मूल शांत असेल तर गुण कमी भरतात. त्यामुळे घरातील वर्तनाची लेखी टिपणे आणि मोबाइलवरील चित्रफिती सोबत नेणे पालकांच्या हिताचे असते.

बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९ हा १ एप्रिल २०१० पासून अंमलात आला. त्यानुसार प्रवेशासाठी मुलाची किंवा पालकांची चाळणी-परीक्षा घेता येत नाही, शारीरिक शिक्षा व मानसिक छळ यांना मनाई आहे आणि प्राथमिक शिक्षण पूर्ण होईपर्यंत मुलाचे नाव शाळेतून काढता येत नाही. व्यवहारात नाव काढले जात नाही. ‘तुमच्या मुलाला दुसरीकडे अधिक चांगले लक्ष मिळेल’ असे सुचविले जाते आणि दाखला पालकच मागून नेतात. खासगी विनाअनुदानित शाळांतील २५ टक्के राखीव जागांसाठी महाराष्ट्रात दिव्यांग बालके वंचित गटात धरली जातात आणि त्यांना उत्पन्नाची अट नाही. ही गोष्ट मध्यमवर्गीय पालकांना सहसा ठाऊक नसते.

विशेष शिक्षकांची वाण हा दुसरा प्रश्न. सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये रजनीश कुमार पांडे विरुद्ध भारत सरकार या प्रकरणात प्राथमिक स्तरावर १० आणि उच्च प्राथमिक स्तरावर १५ विशेष गरजा असलेल्या विद्यार्थ्यांमागे १ विशेष शिक्षक असे प्रमाण अंतरिम स्वरूपात ठरवून दिले. अनेक खासगी शाळांत त्याऐवजी मुलासोबत बसणारा ‘सावली शिक्षक’ पालकांनी आपल्या खर्चाने आणावा, असा आग्रह असतो. चांगली सावली हळूहळू मागे सरकते. वाईट सावली मुलाच्या वतीने उत्तरे लिहिते, आणि वर्षअखेर मूल त्या एका माणसाखेरीज वर्गात कोणालाच ओळखत नसते.

शाळेबाहेरचे शिक्षण

२०१२ च्या दुरुस्तीने बहुविकलांग व तीव्र दिव्यांगत्व असलेल्या मुलांना गृहाधारित शिक्षण निवडण्याचा हक्क दिला. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही तो पर्याय आहे. समग्र शिक्षा अभियानाखाली विशेष शिक्षक अशा मुलांच्या घरी जातात. मात्र ज्या मुलाचे दिव्यांगत्व कागदावर सौम्य पण शाळेत जाणे अशक्य, ते या तरतुदीच्या काठावर राहते. शाळेव्यतिरिक्त घरीच शिकविण्याबाबत भारतात स्वतंत्र कायदा नाही. मुलाला शाळेत घालणे हे अधिनियमानुसार पालकांचे कर्तव्य आहे, पण ते न पाळल्यास पालकांना शिक्षेची तरतूद नाही.

परीक्षेचे दार त्यामुळे बंद होत नाही. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेत मूलभूत स्तराचे तिसरी, पाचवी व आठवीशी समकक्ष असे तीन टप्पे आहेत आणि दहावी, बारावीच्या परीक्षा विषय विभागून देता येतात. महाराष्ट्र राज्य मुक्त विद्यालय मंडळ हा मराठी माध्यमाच्या विद्यार्थ्यांना जवळचा पर्याय आहे. राज्य मंडळाची दहावी खासगीरीत्या द्यायची तर ‘सतरा नंबरचा अर्ज’ जुन्या पिढीलाही परिचित आहे. वाढीव वेळ आणि लेखनिक यांसारख्या सवलती स्वमग्न विद्यार्थ्यांना लागू आहेत. त्या परीक्षेच्या आयत्या वेळी नव्हे तर आधीच मागाव्या लागतात.

घरी राहिलेल्या मुलाचा दिवस कसा आखावा याबद्दल एकच एक पद्धत नाही. शाळा सुटल्यानंतरचे पहिले काही महिने अभ्यास बाजूला ठेवून झोप, भूक आणि विश्वास पूर्ववत होऊ द्यावा, असे अनुभवी पालक सांगतात. हा काळ रिकामा दिसतो. घरातील वडीलधाऱ्यांना तो विशेष खुपतो. त्यानंतर चित्रांचे वेळापत्रक उपयोगी पडते. दात घासणे, नाश्ता, फिरणे, अभ्यास यांची छोटी चित्रे किंवा प्रत्यक्ष छायाचित्रे पट्टीवर लावायची आणि काम झाले की चित्र काढून डब्यात टाकायचे. न बोलणाऱ्या मुलासाठी चित्रांच्या देवाणघेवाणीची पद्धत किंवा टॅब्लेटवरील बोलणारा फलक वापरतात. त्याने मूल बोलायचे थांबेल ही भीती निराधार आहे.

अभ्यास पुस्तकातूनच व्हावा असेही नाही. बसमार्गांच्या क्रमांकांचे वेड असलेल्या मुलाला पीएमपीच्या वेळापत्रकातून बेरीज, वजाबाकी, नकाशा आणि वाचन शिकविता येते. पोळ्या मोजणे, भाजीवाल्याला सुटे पैसे देणे, कपडे रंगांप्रमाणे लावणे ही कामे सर्वांत आधी शिकविण्याजोगी आहेत, कारण ती पुढे रोज लागतात. घरी राहण्याचा खरा धोका अभ्यास बुडण्याचा नसून माणसे तुटण्याचा आहे. ठरावीक वेळी ठरावीक बागेत जाणे, सोसायटीतील एका-दोन मुलांशी जुळलेली ओळख टिकविणे, पोहणे किंवा तबला यांसारखा एखादा वर्ग एवढ्यानेही तो कमी होतो. काही मुले वर्षा-दोन वर्षांनी लहान पटाच्या शाळेत, आरंभी दिवसातून एक तास, परत जातात. काही जात नाहीत.

पालक-प्रशिक्षण आणि पालकसंघटना

स्वमग्न मुलांसाठीच्या अनेक संस्था पालकांनीच उभ्या केल्या. इंग्लंडमधील नॅशनल ऑटिस्टिक सोसायटी १९६२ मध्ये पालकांनी स्थापन केली. दिल्लीतील ॲक्शन फॉर ऑटिझम ही संस्था १९९१ मध्ये मेरी बरुआ यांनी सुरू केली. त्या स्वतः स्वमग्न मुलाच्या आई आहेत. आई किंवा वडील आणि मूल यांना एकत्र प्रशिक्षण देण्याची पद्धत या संस्थेने भारतात रुजविली.

मराठी मुलखाच्या जवळचे उदाहरण गोव्याचे आहे. तेथील ‘संगत’ या संस्थेने आणि रावळपिंडीतील संशोधकांनी मिळून २ ते ९ वर्षे वयाच्या ६५ मुलांवर एक चाचणी केली. तिचे निष्कर्ष २०१६ मध्ये लॅन्सेट सायकिॲट्री या नियतकालिकात आले. डॉक्टर नसलेल्या, पण प्रशिक्षण घेतलेल्या कार्यकर्त्यांनी घरी जाऊन पालकांना मुलाच्या संवादाला साद देण्यास शिकविले. पालकांच्या प्रतिसादात सुधारणा झाली आणि मुले आपणहून अधिक वेळा संवाद सुरू करू लागली. एका मोजमापात, म्हणजे दोघांचे लक्ष एकाच गोष्टीवर असण्याच्या कालावधीत, घटही दिसली. तज्ज्ञांची संख्या अपुरी असलेल्या प्रदेशात हा प्रयोग म्हणून महत्त्वाचा आहे.

अशास्त्रीय उपचार

निदानानंतरच्या पहिल्या दोन वर्षांत पालक सर्वाधिक खर्च करतात आणि सर्वाधिक फसतातही. लसींमुळे स्वमग्नता होते हा समज अँड्र्यू वेकफील्ड यांच्या १९९८ मधील शोधनिबंधातून पसरला. तो निबंध २०१० मध्ये नियतकालिकाने मागे घेतला. शरीरातील धातू काढून टाकण्याचे उपचार धोकादायक आहेत. मूलपेशी उपचारांची जाहिरात स्वमग्नतेसाठी करू नये, असे राष्ट्रीय वैद्यक आयोगाने २०२२ मध्ये स्पष्ट केले. पूर्ण बरे करण्याची हमी देणाऱ्याकडे जाऊ नये, हा निकष सोपा आहे. पाळणे अवघड आहे.

सज्ञान झाल्यानंतर

‘आमच्यानंतर काय?’ हा प्रश्न शाळेचा प्रश्न मागे पडल्यावर पुढे येतो. अठरा वर्षे पूर्ण झाल्यावर कायद्याने मूल सज्ञान होते आणि आईवडिलांचे नैसर्गिक पालकत्व संपते. बँकखाते, मालमत्ता किंवा शस्त्रक्रियेची संमती यांसाठी निर्णयक्षमता पुरेशी नसल्यास राष्ट्रीय न्यास कायद्याखालील स्थानिक स्तर समितीकडे कायदेशीर पालक नेमण्याचा अर्ज करता येतो. ही समिती जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली काम करते. त्याच न्यासाची ‘निरामय’ आरोग्यविमा योजना १ लाख रुपयांपर्यंत संरक्षण देते आणि तिच्यात उपचारसत्रांचा खर्चही येतो. प्राप्तिकर कायद्यात अवलंबित दिव्यांग व्यक्तीसाठी वजावट आहे. हे सर्व अर्ज दिव्यांगत्वाच्या प्रमाणपत्रावर आधारलेले असल्याने, शाळा सोडल्यामुळे ‘आता कशाला हवे’ म्हणून प्रमाणपत्र काढण्याचे लांबणीवर टाकलेल्या पालकांना या टप्प्यावर पुन्हा आरंभापासून सुरुवात करावी लागते.